लसीची गाडी वस्तीवर येते तेव्हा काय काय जुळून यावं लागतं

सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते, आशाताई घरी येऊन सांगून जाते, तरी काही पोरं लसीविना राहतातच कशी, असा प्रश्न लोक विचारतात तेव्हा त्यात बहुतेक वेळा उत्तर आधीच धरलेलं असतं, की आईबापच निष्काळजी. मला हे पटत नाही. आणि का पटत नाही ते सांगायचं तर आधी लसीकरणाचा साधा हिशोब बघावा लागतो.

बाळ जन्मलं की बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी. मग दीड महिन्याला पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस), पोलिओ, रोटा (जुलाबाची), न्यूमोनियाची पीसीव्ही वगैरे, मग अडीच महिन्याला, मग साडेतीन महिन्याला, मग नऊ महिन्यांना गोवर-रुबेलाची एमआर, आणि मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या मधे दुसरी एमआर आणि बूस्टर. म्हणजे जन्माचे डोस दवाखान्यातच झाले असं धरलं तरी पुढच्या दीड-दोन वर्षांत पाच वेळा बाळाला घेऊन जायचंय, तेही ठरलेल्या वयात. नोकरीवाल्या घरात हे कॅलेंडरवर लिहून होतं. पण रोजंदारीवाल्या बाईसाठी ह्यातली प्रत्येक वेळ म्हणजे बुडालेली मजुरी, गाडीभाडं, मोठं पोरगं कुणाकडे तरी ठेवणं, आणि एवढं करून तिथे पोचल्यावर सिस्टर मीटिंगला गेलेल्या असल्या तर परत घरी. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात २००० नंतरच्या दशकात अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी पाहणी केली होती तेव्हा उपकेंद्रातल्या नर्स जवळजवळ ४५ टक्के वेळा जागेवर सापडल्या नाहीत (कधी त्या गावात फिरतीवर असायच्या, पण आईच्या दृष्टीने कुलूप ते कुलूपच). एकदा कुलूप बघून परत आलेली बाई दुसऱ्यांदा मजुरी बुडवायला का जाईल सांगा.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. दिवाळी झाली की आमच्या भागात उसाच्या फडाकडेला ऊसतोड मजुरांच्या कोपी, म्हणजे झोपड्या, उभ्या राहायला लागतात. बीड, जालना, नगर कडून टोळ्या येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि एका दिवसाची दांडी झाली की खाडा लागतो म्हणजे पैसे कापले जातात. आता समजा एखादं बाळ १५ ऑगस्टच्या सुमाराला गावी जन्मलं. दीड महिन्याचा डोस सप्टेंबर अखेर गावात होईल, अडीच महिन्याचा ऑक्टोबरच्या शेवटी कसाबसा होईल, पण साडेतीन महिन्याचा येतो नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि तोवर टोळी निघालेली असते. आणि जे बाळ १० डिसेंबरला कोपीतच जन्मलं त्याचे तिन्ही डोस जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, म्हणजे सगळेच्या सगळे फडात. गावच्या सिस्टरच्या यादीत पहिल्या बाळाचं नाव आहे पण बाळ गावात नाही, इकडच्या सिस्टरच्या हद्दीत बाळ आहे पण यादीत नाव नाही. दोघींपैकी कुणी काम चुकवलं असं म्हणता येत नाही, पण बाळाचा डोस मात्र चुकला.

अशा बाळांना आरोग्य खात्याच्या भाषेत दोन नावं आहेत, एक लेफ्ट आउट म्हणजे सुरुवातच झाली नाही ते, आणि ड्रॉप आउट म्हणजे मधेच गळालं ते. ज्याला पेंटाचा पहिला डोससुद्धा मिळाला नाही त्याला झिरो डोस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार भारतात अशी झिरो डोस बाळं २०२३ साली साधारण १६ लाख होती, २०२४ साली ती ९ लाखांवर आली. सुधारणा मोठी आहे, पण ९ लाख बाळं हाही लहान आकडा नाही, आणि ही बाळं देशभर सारखी विखुरलेली नसतात तर गठ्ठ्यानेच सापडतात. वीटभट्टीवर, फडात, पुलाखालच्या पालांत, नदीच्या बेटांवर, शहरातल्या झोपडपट्टीच्या आतल्या गल्लीत. म्हणूनच ह्या गोष्टीची जास्त काळजी वाटते, कारण गोवर झालेला एक जण लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना लागण करू शकतो आणि त्याला थोपवायला ९५ टक्के मुलांना दोन डोस झालेले लागतात. राज्याची सरासरी चांगली असून उपयोग नाही, एका वस्तीत पंधरा पोरं बिनलसीची असली की तेवढ्यावर गोवर पेटतो. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला हेच झालं, मग भिवंडी आणि मालेगावला पण झालं, लहान लहान पोरं दगावली. कोविडच्या दोन वर्षांत नेहमीचं लसीकरण मागे पडलेलं होतं आणि ते नंतर नीट भरून काढलं गेलं नव्हतं.

गोवंडीची गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण फिरता दवाखाना म्हटलं की लोकांना डोंगर, नदी, तुटलेला रस्ता आठवतो, आणि ते बरोबरच आहे, पण गोवंडीत दवाखाना काही चाळीस किलोमीटरवर नाही. तिथे अडचण अंतराची कमी आणि वेळेची जास्त. आई सकाळी कामाला बाहेर पडते आणि लस मिळते सकाळीच. मग पालिकेने घरोघर सर्व्हे केला, वस्त्यांच्या आत जादा सेशन लावली, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस आणि जिथे साथ पेटली होती तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना पण एक डोस. (हा सहा महिन्यांचा डोस मोजणीत धरत नाहीत बरं का, नऊ महिन्यांचा आणि दीड वर्षाचा तरीही द्यावाच लागतो. एवढ्या लहान वयात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अजून बाळाच्या अंगात असते आणि ती लसीला पुरतं काम करू देत नाही, म्हणून तर एरवी नऊ महिने थांबतात.)

आता फिरतं लसीकरण म्हणजे नेमकं काय ते बघू. ते प्रत्येक ठिकाणी मोठी व्हॅनच असतं असं नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या फिरत्या दवाखान्याच्या गाड्या आहेत, त्यात डॉक्टर, नर्स, औषधं, थोड्या तपासण्या अशी सोय असते. नंदुरबारला सरदार सरोवराच्या पाण्यामुळे अक्कलकुवा आणि धडगावच्या बाजूच्या काही पाड्यांना रस्ताच उरला नाही, तिथे तरंगता दवाखाना बोटीवरून जातो. आसामात ब्रह्मपुत्रेच्या चर-चापोरींवर, म्हणजे दरवर्षी पुरात आकार बदलणाऱ्या वाळूच्या बेटांवर, २००५ पासून एक संस्था बोट दवाखाने चालवते, पहिली बोट दिब्रुगडला सुरू झाली, तिचं नाव 'आखा' म्हणजे आशा, पुढे सरकारचं आरोग्य अभियान सोबत आलं आणि बोटी पंधरापर्यंत वाढल्या. आणि बहुतेक ठिकाणी फिरतं लसीकरण म्हणजे एक सिस्टर, एक आशाताई, एक निळा डबा आणि कुणाची तरी मोटारसायकल, एवढंच असतं. पण काम तेच.

त्या निळ्या डब्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण अख्खं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. त्याला व्हॅक्सिन कॅरियर म्हणतात. लस २ ते ८ अंश सेल्सिअस मधेच ठेवावी लागते, कंपनीतून निघाल्यापासून बाळाच्या मांडीपर्यंत, ह्या सगळ्या साखळीला कोल्ड चेन म्हणतात. पीएचसीमध्ये, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, त्यासाठी खास फ्रीज असतो, त्याला आयएलआर म्हणतात, पण फडात कुठला आयएलआर. म्हणून कॅरियरच्या चारही बाजूंना चार आइसपॅक लावतात आणि मधे प्लास्टिकच्या पिशवीत लसीच्या बाटल्या ठेवतात. बहुतेकांना वाटतं की धोका फक्त उन्हाचा, तर तसं नाही, गोठण्याचा धोकाही तेवढाच आहे. पेंटा, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची), टीडी, हिपॅटायटिस बी ह्या लसी एकदा गोठल्या की कायमच्या वाया, नंतर वितळून पाण्यासारख्या दिसल्या तरी उपयोग शून्य. त्यामुळे डीप फ्रीजरमधून काढलेला दगडासारखा आइसपॅक थेट डब्यात घालायचा नसतो. तो सकाळी बाहेर टेबलावर मांडून ठेवतात, त्याला घाम फुटतो, मग कानाजवळ हलवून बघतात, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की तो डब्यात घालण्याजोगा झाला. घाईगडबडीत हे थांबणं राहिलं तर दिवसभर जी लस टोचली ती गोठून निकामी झालेली असू शकते, आणि वाईट म्हणजे कुणाला सहज कळणारही नाही, कार्डावर टिक तर झालेली असते.

उन्हाचं मात्र कळतं. बाटलीवर एक छोटं चिन्ह असतं, गोलाच्या आत चौकोन, त्याला व्हीव्हीएम म्हणतात. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चालते, चौकोन गोलाइतका गडद झाला की बाटली बाजूला. हे कुठल्याही आईला बघता येतं, शिक्षण लागत नाही, आणि विचारलं तर चांगली सिस्टर स्वतःहून दाखवते.

मग बीसीजी आणि एमआरचा वेगळाच घोळ असतो. ह्या पावडर रूपात येतात, जागेवर द्रावण घालून तयार करतात, आणि एकदा बाटली फोडली की चार तासांच्या आत वापरायची, उरली तर टाकून द्यायची, कारण त्यात जंतू वाढू शकतात आणि शिळी बाटली वापरल्याने बाळं दगावल्याच्या घटना झालेल्या आहेत. पेंटासारख्या लसींची उघडलेली बाटली नीट ठेवली तर २८ दिवसांपर्यंत परत वापरता येते, पण एमआरची नाही. आता फडावर एकच नऊ महिन्यांचं बाळ आहे आणि बाटलीत पाच किंवा दहा डोस आहेत, मग फोडायची की नाही? नियम स्पष्ट आहे, एका बाळासाठीसुद्धा फोडायची. लस वाया गेली तर जाऊ दे, बाळ परत सापडेल ह्याची खात्री नाही. तरी कागदावर वेस्टेज दिसेल म्हणून काही ठिकाणी "पुढच्या वेळी आणा, अजून दोन-चार पोरं जमू दे" असं सांगितलं जातं, आणि टोळीतल्या बाईला पुढची वेळ नसतेच. मला विचाराल तर वाया गेलेल्या डोसपेक्षा हे वाक्य जास्त महाग पडतं.

एवढं तंत्र झालं. पण तंत्र जमलं तरी गाडी फुकट जाऊ शकते आणि हेच खरं तर मला सांगायचंय, की गाडी कुठली आहे ह्याच्यापेक्षा ती ठरलेल्या दिवशी परत येते का हे जास्त महत्त्वाचं आहे. आठवडी बाजाराला कुणी जाहिरात देत नाही, वार ठरलेला असतो, लोक येतात. लसीचं सेशन तसंच लोकांच्या डोक्यात बसायला हवं.

ह्याचा चांगला पुरावा त्याच उदयपूरचा आहे. सेवा मंदिर नावाची तिथली संस्था आणि हे अर्थशास्त्रज्ञ यांनी मिळून १३४ गावांत प्रयोग केला, तो २०१० साली छापून आला (बॅनर्जी आणि दुफ्लो यांना २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच पद्धतीच्या कामासाठी). काही गावं होती तशीच ठेवली. काही गावांत दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळी फिरतं पथक जायचं, न चुकता. आणि काही गावांत हे पथक तर जायचंच, वर प्रत्येक लसीला आईला एक किलो डाळ, आणि सगळे डोस पूर्ण झाले की थाळ्यांचा सेट. निकाल असा आला की होती तशीच ठेवलेल्या गावांत एक ते तीन वर्षांच्या मुलांत पूर्ण लसीकरण झालेली फक्त ६ टक्के होती, ठरलेल्या दिवशी पथक येणाऱ्या गावांत १८ टक्के, आणि पथक अधिक डाळ वाल्या गावांत ३९ टक्के. म्हणजे नुसता भरवशाचा दिवस दिला तर तिप्पट. आणि डाळीचं काम मुख्यतः पहिल्या डोसला नाही दिसलं, लोक पहिल्यांदा तर येतच होते, ते दिसलं तिसऱ्या-चौथ्या-पाचव्याला, जिथे माणूस कंटाळतो.

डाळ म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणतं की हे लोकांना लाचावणं झालं, शिवाय खर्च केवढा. खर्चाचं गणित उलटं आहे. पथकाची गाडी, सिस्टरचा दिवस, कॅरियर, हे सगळं दोन पोरं आली तरी तेवढंच लागतं आणि वीस आली तरी तेवढंच. डाळीमुळे पोरं वाढली म्हणून पूर्ण लसीकरण झालेल्या दर मुलामागचा खर्च जवळपास निम्म्यावर आला. आणि लाचेचं म्हणाल तर मजुरी बुडवून आलेल्या बाईला एक किलो डाळ ही लाच नाही हो, ती तिच्या दिवसाच्या नुकसानीची थोडीशी भरपाई आहे. तरी एक गोष्ट विसरू नये, सगळं करून ३९ टक्केच झाले, म्हणजे दिवस आणि डाळ ह्या दोनच गोष्टींनी प्रश्न संपत नाही.

बाकीच्यात पहिली गोष्ट यादी. ह्याला ड्यू लिस्ट म्हणतात, आज कुठल्या बाळाचा कुठला डोस बाकी आहे ती. गावात ती आशाताईच्या वहीत असते, पण फडात, भट्टीवर, बांधकामावर ती कुणी करायची? टोळ्या कुठे उतरल्या ते मुकादमाला माहीत असतं, कारखान्याच्या चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याला) माहीत असतं, कुठला प्लॉट कधी तुटणार हे त्याच्याकडे लिहिलेलं असतं. आरोग्यवाल्यांनी त्या माणसाशी हंगामाच्या सुरुवातीलाच बोलून ठेवलं तर पथक रिकाम्या कोपीपाशी जाऊन परत येत नाही. वीटभट्टीवर शेठचा मुनीम, बांधकामावर ठेकेदाराचा सुपरवायझर. ही माणसं आरोग्य खात्याच्या कुठल्याच तक्त्यात नाहीत, पण त्यांच्याशिवाय मायक्रोप्लॅन, म्हणजे कुठे कधी सेशन लावायचं तो आराखडा, कागदावरच राहतो.

दुसरी गोष्ट वेळ. ऊसतोडीला बाया पहाटे अंधारात जातात, बाळ फडातच झोळीत टांगलेलं असतं नाहीतर कोपीत आठ-नऊ वर्षांच्या बहिणीकडे. पथक अकरा वाजता कोपीवर गेलं तर भेटणार कोण, ती आठ वर्षांची पोर. तिच्या हातातल्या बाळाला आईला न विचारता सुई टोचायची नाही, बरोबरच आहे. मग एकतर फडात जायचं, उसाची गाडी भरण्याच्या आधी, नाहीतर संध्याकाळी कोपीवर. संध्याकाळची अडचण अशी की उरलेल्या लसी त्याच दिवशी परत पीएचसीच्या फ्रीजला लावायच्या असतात, सिस्टरला रात्री परत जायचं असतं, तिची पण लेकरं घरी असतात. त्यामुळे संध्याकाळचं सेशन हवं असेल तर तिची गाडी, सोबतीला माणूस आणि तिचा दुसऱ्या दिवशीचा सकाळचा भार ह्या तिन्हीचा विचार आधी करावा लागतो, नुसता आदेश काढून ते होत नाही.

ड्रोनचं पण सांगते, कारण तो विषय निघाला की सगळ्यांना वाटतं प्रश्न मिटला. २०२१ च्या नोव्हेंबरात पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला ड्रोनने कोविडच्या लसी नेल्या, साधारण वीस किलोमीटर, दहा मिनिटांच्या आत. चांगलंच आहे, पावसाळ्यात ओढे भरल्यावर तर फारच उपयोगाचं. पण ड्रोन लस नेतो, सिस्टर नेत नाही. टोचणारं, समजावणारं आणि नंतर थांबणारं माणूस तिथे पाहिजेच.

थांबणं हा पण नियम आहे, लस दिल्यावर अर्धा तास बाळाला नजरेसमोर ठेवायचं, क्वचित कुणाला तीव्र अ‍ॅलर्जी आली तर लगेच इंजेक्शन देता यावं म्हणून. पथक फिरतं असलं की हा अर्धा तास पहिला कापला जातो, पुढच्या वस्तीवर जायचं असतं ना. खरं तर ह्याच अर्ध्या तासात सगळ्यात कामाचं बोलणं होतं. आज कुठली लस दिली, त्याने काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कुठली, आणि कार्ड सांभाळून ठेवून पुढच्या वेळी घेऊन या, ह्या चार गोष्टी प्रत्येक आईला सांगायच्या असतात. पेंटाने रात्री ताप येतो, मांडी सुजते, बाळ रडतं. घरात आजी असेल तर ती म्हणते येतो ताप, उतरेल. कोपीत आजी नसते, बाहेर अंधार, पहाटे तीनला उठून फडात जायचंय, आणि बाळ तापाने फणफणलंय. ह्या बाईला आधी कुणी सांगितलं नसेल, पॅरासिटामॉल किती द्यायचं दाखवलं नसेल, तर ती पुढच्या वेळी पथक दिसलं की बाळ पदराखाली झाकून आत जाणार, आणि शेजारच्या चार कोपींनाही तेच सांगणार. मला ती चुकीची वाटत नाही. तिच्या अनुभवात लसीने तिचं बाळ आजारी पडलं आणि देणारे परत फिरकले नाहीत.

मोठ्या मोहिमांची अडचण इथेच आहे. डिसेंबर २०१४ मध्ये मिशन इंद्रधनुष सुरू झालं, २०१७ मध्ये त्याची तीव्र आवृत्ती आली, २०२३ ला ऑगस्ट ते ऑक्टोबर तीन फेऱ्या झाल्या. ह्याने फरक पडला हे मान्यच करायला हवं, एनएफएचएसच्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या) पाहणीत देशात पूर्ण लसीकरण झालेली एक ते दोन वर्षांची मुलं २०१५-१६ ला ६२ टक्के होती ती २०१९-२१ ला ७६.४ टक्के झाली, अर्थात ते सगळं श्रेय एका मोहिमेचं नाही. मोहिमेत राहिलेली पोरं शोधली जातात, गाड्या मिळतात, कलेक्टर लक्ष घालतात. पण मोहीम एका आठवड्याची आणि बाळाचं वेळापत्रक दीड-दोन वर्षांचं. मोहिमेत सापडलेल्या बाळाचं नाव महिन्याच्या नेहमीच्या यादीत चढलं नाही तर ते पुढच्या मोहिमेला परत राहिलेलंच सापडतं.

तुमच्या शेतात टोळी उतरली असेल, शेजारी बांधकाम चालू असेल, भट्टी असेल, तर तिथे पाच वर्षांच्या आतली पोरं किती आहेत ते बघून गावातल्या आशाताईला नाहीतर पीएचसीला कळवा, त्यासाठी वेगळी ओळख लागत नाही, आधार कार्ड नाही म्हणून लस नाकारायची नसते आणि दुसऱ्या जिल्ह्यातलं बाळ म्हणून तर नाहीच. आणि त्या आयांशी बोलाल तेव्हा एक गोष्ट नक्की सांगा, कारण बऱ्याच जणी ह्याच भीतीने येत नाहीत की आता उशीर झाला, सिस्टर ओरडतील, पहिल्यापासून सगळं परत घ्यावं लागेल. तसं काही नसतं. आधीचे डोस फुकट जात नाहीत, जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं, दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवतात एवढंच. बीसीजी आणि पेंटाचा पहिला डोस बाळ एक वर्षाचं होईपर्यंत देता येतो, त्यानंतर पेंटाऐवजी डीपीटी देतात, आणि पोलिओचे थेंब व एमआर पाच वर्षांपर्यंत. कार्ड गावाकडच्या पेटीत राहिलं असेल तरी बाळाला घेऊन यायचं, सिस्टर विचारून आणि बीसीजीचा दंडावरचा व्रण बघून अंदाज घेतात, आणि नवीन कार्ड जागेवर करून देतात.